रंग यायला वेळ लागतो

"पोटातल्या दुखण्याला एक ते दहापैकी किती गुण द्याल?" त्वरानं विचारलं.

"दहा. मघाशीही दहाच म्हणाले होते."

"नोंद घेतली. कळ एका जागी आहे की फिरते?"

नेमकं कसं सांगायचं? बेंबीभोवती कुणीतरी धुण्याचं ओलं कापड पिळत असावं तसं होत होतं. कळ पाठीत जायची, तिथून मांड्यांत उतरायची. आणि दाबलं तर पोट मऊ! मीच चार वेळा दाबून पाहिलं होतं. एवढं दुखणारं पोट इतकं मऊ कसं, याचीच मला जास्त भीती वाटत होती.

"फिरते," मी म्हटलं.

त्वरा म्हणजे आमच्या इचलकरंजीच्या रुग्णालयातलं निदानयंत्र. कपडे बदलायच्या खोलीएवढी जागा, त्यात एक खुर्ची, कमरेला बांधायचा सोनोग्राफीचा पट्टा, रक्ताच्या एका थेंबासाठी सुई आणि शेजारी संडास. संडासाच्या भांड्यातच लघवी तपासली जाते. चार सेकंदांत रंग, साखर, रक्त, जंतू वाचून होतात, चाळिसाव्या सेकंदाला पाणी सुटतं. अकरा मिनिटांत निदान. तीन वर्षांपूर्वी ती आली आणि तेव्हापासून आमच्या तालुक्यात फुटलेल्या अपेंडिक्सनं एकही माणूस गेलं नाही, हेही खरं. त्यामुळे लोकांचा तिच्यावर फार जीव. तिला कुणी त्वरा म्हणत नाही, 'बाई' म्हणतात. "बाईनं काय सांगितलं?" "बाई म्हणाली पित्त आहे." डॉक्टर काय म्हणाले हे कुणी विचारतच नाही.

"कुटुंबात कुणाला मानसिक आजार?"

मी खरं तेच सांगितलं. आईची धाकटी बहीण, मंजूमावशी. मनोरुग्णालयात होती, तिथेच चौतिसाव्या वर्षी गेली.

"नोंद घेतली. आपली आहारनोंद मी वाचली आहे. गेल्या चोवीस दिवसांचा आहार उत्तम. अभिनंदन."

मी नजर पट्ट्यावर वळवली.

कारण ती नोंद खोटी होती. अंगावर पाजणाऱ्या प्रत्येक आईला रोज संध्याकाळी फोनवर आपलं जेवण भरावं लागतं. मी भरत होते: दोन पोळ्या, उसळ, वरणभात, एक फळ. यातलं एक दिवसाआड खरं होतं. चातुर्मास लागल्यापासून माझं धरणं-पारणं चाललं होतं. धरण्याच्या दिवशी फक्त पाणी, पारण्याच्या दिवशी दोन वेळा जेवण. अबोली एकतिसाव्या आठवड्यात जन्मली, पाच आठवडे काचेच्या पेटीत होती. तेव्हा सासूबाई अंबाबाईला बोलल्या होत्या, की पोर सुखरूप घरी येऊ दे, सून चातुर्मासभर धरणं-पारणं करील. पोर आली. पाजणारी आई उपाशी राहते हे कळलं तर ती निगराणीत जाते, बाळ तिच्या एकटीकडे ठेवत नाहीत, म्हणून आम्ही दोघींनी ओठ शिवून घेतले. नवरा तिरुपूरला नोकरीला, त्यालाही सांगितलं नाही. मी एम.एस्सी. झालेली, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. तो हसला असता.

पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. 'शारीरिक कारण आढळले नाही. प्रसूतीनंतरचा चिंताविकार, शारीरिक लक्षणांसह. खात्री: त्र्याण्णव टक्के.'

"काळजी करू नका," त्वरा म्हणाली. "हा आजार बरा होतो."

*

वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. सासूबाई अबोलीला मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या होत्या. त्या नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर एकतीस वर्षं बसलेल्या, त्यामुळे कुठलाही कागद त्यांच्या हातून न वाचता सुटत नाही. खाटेला अडकवलेली पाटी त्यांनी दोनदा वाचली.

"चिंताविकार," त्या म्हणाल्या. "म्हणजे नाटक, असंच ना?"

"नाटक नाही काकू," डॉक्टर शिकलगार म्हणाल्या. वॉर्डाची जबाबदारी त्यांच्यावर होती. माझ्यापेक्षा एखाद-दोन वर्षांनी लहान असतील, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "दुखणं खरंच असतं. फक्त पोटात काही सापडत नाही."

"नाडी एकशे अठ्ठावीस आहे," मी म्हटलं. "आणि रक्तातलं सोडियम? कमी आलंय ना? मी पडद्यावर पाहिलं. एकशे चोवीस."

"चिंतेत नाडी वाढते. आणि तुम्ही पाणी जास्त पिताय, असं त्वराचं म्हणणं. होय की नाही?"

पीत होते. धरण्याच्या दिवशी दुसरं काय पिणार?

"मॅडम, संध्याकाळी सहाला एक इंजेक्शन देऊ. शांत झोप लागेल. एकदा दिलं की एकवीस दिवस काम करतं, रोज गोळ्यांची भानगड नाही. मात्र तोवर बाळाला अंगावर पाजायचं नाही. औषध दुधात उतरतं."

"मला नको ते."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. "मानसिक आजाराची नोंद झाली की रुग्णाचा नकार पहिले चोवीस तास धरत नाहीत. जवळच्या नातेवाइकाची संमती लागते. ती आलीय. तुमच्या मिस्टरांनी अकरा वाजताच दिली."

मी ओजसला फोन लावला. मागं कापडाच्या यंत्रांचा खडखडाट.

"शालू, ऐक. बाई चुकत नाही गं. आपल्या शिंद्यांच्या पप्पांचं हार्टचं तिनंच पकडलं का नाही? तू पाच महिने झोपली नाहीस. रात्रभर पोरीच्या नाकापुढं बोट धरून बसतेस. आईनं सांगितलंय मला."

"माझ्या पोटात दुखतंय, ओजस. डोक्यात नाही."

"तुझ्या मंजूमावशीलाही असंच…" तो थांबला. "बरं, ठेवतो. सहानंतर बोलू, तोवर तुला बरं वाटेल."

घड्याळात पावणेबारा झाले होते. सहाला सव्वासहा तास. मला दिवसभर कसली तरी मोजदाद करायची सवय लागली आहे, आधी अबोलीचे श्वास मोजायचे, आता हे.

*

साडेबाराला लघवीला लागली. उठले तर गुडघे वाकले, मी खाटेच्या दांडीला लोंबकळलेच. पाय माझे नव्हतेच जणू. नर्सनं पॉट दिला, त्यातलं मोजायच्या प्लॅस्टिकच्या पारदर्शक जगमध्ये ओतलं, आकडा लिहिला आणि तिला दुसऱ्या खाटेवरून हाक आली म्हणून जग तसाच स्टुलावर राहिला. स्टुलावर अबोलीची दुधाची बाटली. सासूबाईंनी "शी, शी" करत जग उचलला आणि खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला.

श्रावणातलं ऊन होतं. ढग यायचे, जायचे, पण मधल्या वेळात काच तापायची. मी कुशीवर वळून कण्हत पडले होते. अबोली माझ्याकडे झेपावत होती आणि मला तिला घेता येत नव्हतं, कारण मनगट वर उचललं की हात खाली पडत होता. आधी वाटलं, मी दमलेय. मग उजव्या हाताची बोटं ताणून पाहिली. तिसरं आणि चौथं सरळ होईनात.

अडीचच्या सुमारास सासूबाई खिडकीपाशी गेल्या आणि तिथूनच ओरडल्या. "अगं बाई! शालू, तू बीट खाल्लंस?"

"काय?"

"हे बघ. मी ठेवलं तेव्हा साधं होतं. पिवळट. आता बघ की."

जगातलं पाणी काळसर लाल झालं होतं. कोकमाचं आगळ बाटलीत महिनाभर राहिलं की होतं तसं. वरच्या बाजूला, जिथं ऊन थेट पडत होतं, तिथं आणखी गडद.

"बीट खाल्लंस का, विचारतेय."

"आई, आज धरणं आहे. काय खाणार?"

आणि हे म्हणता म्हणताच माझ्या डोक्यातलं काहीतरी जागेवर बसलं. मी काल रात्री आठनंतर काही खाल्लं नव्हतं. गोळी घेतली नव्हती. रक्त असतं तर चार सेकंदांत त्वराला दिसलं असतं. म्हणजे हा रंग बाहेरून आलेला नव्हता आणि सुरुवातीपासूनही नव्हता. तो इथं, या कट्ट्यावर, दोन तासांत तयार झाला होता. लघवीत असं काहीतरी होतं, ज्याला स्वतःचा रंग नाही, पण उन्हात ठेवलं की ते एकमेकांना जोडून घेतं आणि रंग धरतं.

असं करणारी एक वस्तू मला ठाऊक होती. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला पायरोल नावाच्या पाच अणूंच्या कड्या शिकलो होतो. रक्ताचा लाल रंग अशा चार कड्या जोडून होतो. शिकवणाऱ्या बाईंनी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की काही माणसांच्या शरीरात या कड्या सुट्याच साचतात. परीक्षेला येत नाही म्हणून आम्ही लिहून घेतलं नव्हतं.

मी डाव्या हातानं फोन उघडला आणि वाचायला लागले. अक्षरं हलत होती.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण तेव्हा मलाही माहीत नव्हतं. हीम म्हणजे रक्तातला लोह धरून ठेवणारा भाग. तो यकृतातही सतत बनत असतो, आठ पायऱ्यांनी. आठ बायका ओळीनं पापड करायला बसल्यात असं समजा. पहिली पीठ मळते, दुसरी लाट्या तोडते, तिसरी लाटते, असं आठवीपर्यंत. काही घराण्यांत जन्मतःच तिसऱ्या बाईचा एक हात अधू असतो. एरवी कळतही नाही, काम हळूहळू पुढं सरकतं. पण माणूस उपाशी राहिलं, की यकृत पहिल्या बाईवर ओरडतं: भराभर मळ! काही औषधंही असंच ओरडायला लावतात. पहिली मळत सुटते, दुसरी तोडत सुटते आणि तिसरीपुढं लाट्यांचा ढीग होतो. हा ढीग विषारी. तो नसांवर जातो. पोटाच्या नसांवर गेला की पोट दुखतं, पण आतड्याला काहीच झालेलं नसतं, म्हणून पोट मऊ, सोनोग्राफी स्वच्छ. नाडी धावते, सोडियम पडतं, मग हातपाय लुळे होतात. काहींना भास होतात. शेवटी श्वासाच्या नसा. आजाराचं नाव तीव्र पोर्फिरिया. तो लाट्यांचा ढीग लघवीत उतरतो, रंगहीन. रंग यायला वेळ लागतो, उजेड लागतो.

आणि त्वरा चार सेकंदांत बघते आणि चाळीस सेकंदांत ओतून देते. तिच्या वेगामुळेच तिला तो कधी दिसणार नव्हता.

खाली टाळायच्या औषधांची यादी होती. तिच्यात सगळ्यात वर सहा वाजताच्या इंजेक्शनच्या जातीचं नाव. ते औषध पहिल्या बाईवर एकवीस दिवस ओरडत राहिलं असतं.

*

डॉक्टर शिकलगारांनी जग हातात घेऊन उजेडात धरला. बराच वेळ धरला.

"वाचलंय मी," त्या हळू म्हणाल्या. "परीक्षेपुरतं. प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही. लाखात एखादा."

"तपासणी असते ना?"

"असते. पुण्याला पाठवावी लागते, दोन दिवस. आणि त्वराच्या यादीत हा आजार तुमच्या बाबतीत दोनशे बाराव्या क्रमांकावर आहे. पहिल्या विसांच्या बाहेरची तपासणी मी मागवली तर कारण द्यावं लागतं. जग कट्ट्यावर राहिला, हे कारण होत नाही मॅडम." त्यांनी मान वर केली. "यात काहीतरी सुरुवात करून देणारं लागतं. नवीन औषध? गर्भनिरोधक गोळ्या? कडक उपवास?"

मी सासूबाईंकडे पाहिलं नाही. त्याही माझ्याकडे पाहत नव्हत्या. अबोलीच्या टोपड्याची नाडी सोडून पुन्हा बांधत होत्या.

"आहारनोंद तर उत्तम आहे तुमची," डॉक्टर म्हणाल्या.

"मावशीचं सांगते," मी घाईनं म्हटलं. "मंजूमावशीचं पोट दुखायचं. तीनदा पोट उघडलं, काही सापडलं नाही. मग म्हणाले वेड आहे. शेवटी तिला हात उचलता येत नव्हते. आई सांगायची, भरवावं लागायचं."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. "हे त्वराला सांगितलंत?"

"तिनं विचारलं नाही. तिनं फक्त मानसिक आजार आहे का विचारलं."

"आणि उपवास? मॅडम, मी पुन्हा विचारते. मला कारण द्या."

बाहेर ढग आला. कट्ट्यावरचं ऊन एकदम गेलं.

"करते ती," सासूबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की मला वाटलं अबोलीला काहीतरी सांगताहेत. "धरणं-पारणं. चोवीस दिवस झाले. आज तेरावं धरणं. नवस मी बोलले होते."

"आई!"

"गप बस. बोटं बघ तुझी. सकाळी सरळ होती."

डॉक्टरांनी जग कट्ट्यावर परत ठेवला. मग म्हणाल्या, "काकू, हे सकाळी सांगितलं असतं तर."

"सकाळी सांगितलं असतं तर तुम्ही पोर काढून घेतली असती."

नियमात जवळपास तसंच लिहिलेलं होतं.

"पुण्याचा अहवाल येईपर्यंत इंजेक्शन थांबवता येईल?" मी विचारलं.

"संशयावर नाही. औषधाचं कपाट आपोआप सहाला औषध सोडतं, नर्स टोचते. पुरावा डोळ्यांनी दिसला तरच मी थांबवू शकते." त्यांनी घड्याळ पाहिलं. तीन चाळीस. "जुन्या पुस्तकात एक नळीतली तपासणी होती. त्याचं रसायन आता कुठल्याच रुग्णालयात मिळत नाही."

"कॉलेजात मिळतं," मी म्हटलं.

*

अर्लिकचं द्रावण. पायरोलची कडी दिसली की लाल होतं, आम्ही ते मुलांना प्रात्यक्षिकाला देतो. मी आमच्या विभागातल्या घोरपडे सरांना फोन केला. सर सावकाश बोलतात, त्या दिवशी त्यांचं प्रत्येक वाक्य मला मिनिटाएवढं लांब वाटलं. भुकटी आहे, म्हणाले. तीव्र आम्लात ताजं करून देतो. पण आणणार कोण?

"मी जाते," सासूबाई म्हणाल्या. अबोलीला त्यांनी माझ्या कुशीत ठेवलं, ओढणी कमरेला खोचली. "स्कूटी खालीच आहे."

"आई, त्यात आम्ल आहे. सांडलं तर कातडी जाईल."

"एकतीस वर्षं लोकांचे शिव्याशाप झेललेत खिडकीवर. आम्लाचं काय घेऊन बसलीस?"

त्या गेल्या. मी अबोलीला पाजलं. हात तिच्याखाली घालता येईना म्हणून नर्सनं उशी लावली. पिता पिता ती माझ्याकडे पाहत होती, तिच्या सवयीप्रमाणे एक डोळा मिटून. सहानंतर एकवीस दिवस नाही, माझ्या मनात येत होतं. किंवा सहानंतर कधीच नाही. सव्वाचार. साडेचार. पाऊस आला आणि गेला. गिळताना घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. ते खरंच झालं की वाचलं म्हणून वाटलं, हे मला ठरवता येईना. भित्र्या माणसाची हीच पंचाईत. त्याच्या खऱ्या दुखण्यालाही साक्षीदार लागतो.

पाच वाजून पाच मिनिटांनी सासूबाई आल्या, पावसात निथळत. ओढणीत गुंडाळलेली तपकिरी बाटली दोन्ही हातांत, देवाचं ताम्हन धरावं तशी उभी.

"तुझ्या त्या सरांनी तीनदा सांगितलं, उभी धरा, उभी धरा. मग मी स्कूटी तिथंच ठेवली आणि रिक्षानं आले. रिक्षावाल्याला म्हटलं, खड्ड्यात घातलीस तर तुझ्याच अंगावर ओतीन. फुलासारखा आला बिचारा."

डॉक्टर हातमोजे घालून तयार होत्या. "कट्ट्यावरची लघवी चालणार नाही. उन्हात त्यातलं निम्मं संपलं असेल. ताजी लागेल, अंधारात धरलेली." नर्सनं पॉटला चांदीचा कागद गुंडाळला. "आणि तुलनेला दुसऱ्या कुणाची तरी. निरोगी माणसाची."

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"माझी?" त्या म्हणाल्या. "काय दिवस दाखवलेस गं अंबाबाई." आणि नमुन्याची रिकामी बाटली घेऊन संडासात गेल्या.

पाच पंचवीस. दोन काचेच्या नळ्या, दोन्हींत पिवळट द्रावण. डॉक्टरांनी आधी सासूबाईंचे दोन थेंब टाकले. काही झालं नाही. नळी हलवली. काही नाही.

"माझं बरंय म्हणजे," सासूबाई पुटपुटल्या.

मग माझे दोन थेंब. पहिला थेंब पडला तिथं, पृष्ठभागावर, लाल ठिपका उठला. चेरीसारखा लाल. डॉक्टरांनी नळी हलवली आणि तो लाल तळापर्यंत गेला. उन्हात दोन तास लागले होते, इथं श्वास घेण्याएवढाही वेळ लागला नाही.

कुणी आनंदानं ओरडलं वगैरे नाही. डॉक्टर शिकलगारांनी नळी फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरली, स्वतःचं नाव आणि वेळ मोठ्यानं सांगितली. "तत्काळ गडद लाल. इंजेक्शन रद्द. ग्लुकोजची सलाइन लावा, सोडियम दर दोन तासांनी. पुण्याला हेमिनसाठी कळवा, सकाळच्या ड्रोननं पाठवा म्हणावं." मग त्या माझ्या पायथ्याशी खाटेवर बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "पस्तीस मिनिटं होती मॅडम," त्या म्हणाल्या. "फक्त."

हेमिन म्हणजे तयार हीम. ते शिरेतून दिलं की यकृताला वाटतं काम झालं, आणि ते पहिल्या बाईवर ओरडायचं थांबतं. साखरही तेच करते, थोड्या प्रमाणात. म्हणून पहिला उपचार साखर.

*

खाटेजवळचा पडदा पावणेसहाला आपणहून उजळला. उपवासाची माहिती घातल्यावर त्वरानं यादी पुन्हा लावली होती.

"तीव्र पोर्फिरिया, क्रमांक एक," ती म्हणाली, त्याच सकाळच्या शांत आवाजात. "उपवासाची माहिती आधी मिळाली असती तर क्रमांक तीन असता. आहारनोंद दुरुस्त करणे आवश्यक आहे. उपासमार स्वेच्छेने झाली की सक्तीने? एक पर्याय निवडावा. मुदत दोन मिनिटे."

"हे काय आता?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टर अवघडल्या. "बाळ सात महिन्यांचं आहे म्हणून. सक्ती असेल तर ज्यांनी सक्ती केली त्यांच्यावर तक्रार जाते, आणि त्यांना बाळाजवळ राहता येत नाही. स्वेच्छा असेल तर आई निगराणीत. तीन महिने."

"म्हणजे?"

"तीन महिने मॅडमना बाळ एकटीनं घेता येणार नाही. घरातलं कुणीतरी जबाबदार माणूस समोर लागेल. दर आठवड्याला वजन, जेवणाचे फोटो."

"सक्तीने," सासूबाई पडद्याकडे तोंड करून म्हणाल्या. शाळेत धडा म्हणावा तसं, ठणठणीत. "मी केली. उज्ज्वला दत्तात्रय म्हेत्रे, वय एकोणसाठ. लिही."

"नोंद घेत आहे. रुग्णाची पुष्टी?"

पडद्यावर माझं नाव लुकलुकत होतं. सलाइनची साखर हातात थंड चढत होती. हो म्हटलं असतं तर अबोली माझीच राहिली असती, माझ्या एकटीची, आणि कुणालाही, अगदी आईंनाही, ते चुकीचं वाटलं नसतं. नवस त्याच बोलल्या होत्या.

पण पेटीतून पोर घरी आली त्या दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या, "पुढच्या वर्षी कर गं. आता पाजतेस. देवी काय घड्याळ लावून बसलीय?" आणि मी नाही म्हटलं होतं. मीच. मध्ये वर्ष गेलं आणि तेवढ्यात पोरीला काही झालं तर, असं माझ्या मनात आलं होतं. त्या दोनदा म्हणाल्या, तिसऱ्यांदा मी चिडले. चौथ्या दिवशी पहिल्यांदा पोटात दुखलं तेव्हाही त्या पेला भरून दूध घेऊन आल्या होत्या आणि मी तो परत पाठवला. मला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. माझ्या भीतीनं ठेवलं होतं, आणि वर मी रोज संध्याकाळी उसळ-पोळी लिहीत होते.

"चूक आहे," मी म्हटलं. "स्वेच्छेने."

"शालू!"

"स्वेच्छेने. त्यांनी थांबवलं होतं, मी ऐकलं नाही. लिही."

"नोंद घेतली," त्वरा म्हणाली. "निगराणी लागू. बाळाच्या जबाबदार व्यक्तीचे नाव?"

"उज्ज्वला म्हेत्रे."

पडदा विझला. नर्सनं येऊन अबोलीला माझ्या कुशीतून उचललं आणि सासूबाईंच्या हातात दिलं. नियमच होता तसा. माझी कूस एकदम गार पडली.

"शहाणी आहेस मोठी!" सासूबाई फणकारल्या. आवाज फाटला होता. "मला बाहेर काढलं असतं तर काय, मी बहिणीकडं राहिले असते चार महिने. मी काय तान्ही आहे? आता पोर दिसेल, पण घेता येणार नाही. भोग."

"घेता येईल. तुम्ही समोर असलात की."

"म्हणजे मी आता तुझ्यावर लक्ष ठेवायचं?"

"हो."

"जेवतेस की नाही ते बघायचं? फोटो काढायचे?"

"हो."

त्यांनी अबोलीला डाव्या खांद्यावर टाकलं. नर्सनं मघाशी आणून ठेवलेला मऊ भात स्टुलावर होता, वर साखर पेरलेली. माझ्या हातांना चमचा धरवत नव्हता हे त्यांना माहीत होतं. त्यांनी भात कालवला, चमचा भरला आणि मध्येच थांबल्या. ओठ हलले. अंबाबाईशी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, थोडं लांबलं मात्र.

"आ कर," त्या म्हणाल्या.